रिअल-टाइम स्पेसिफिकेशन: टूलच्या होकारावर विसंबण्याआधी

टाइम्ड ऑटोमेटा (वेळेचं भान असलेलं, लोकेशन आणि त्यांना जोडणाऱ्या एज यांचं मॉडेल), क्लॉक (वेळ मोजणारा चल), इन्व्हेरियंट (लोकेशनवर थांबताना पाळायची अट) ठाऊक आहेत असं धरून चालतो.

नवशिक्याचं पहिलं वाक्य बहुधा असं असतं: ‘स्टॉपचं बटण दाबल्यावर मोटर 10 मिलिसेकंदांत थांबावी.’ थांबावी म्हणजे टॉर्क शून्य की वेग शून्य? मोटर फिरवते त्या यंत्राच्या जड हाताचा वेग एवढ्यात शून्य होत नाही. टॉर्क धरा आणि वेळ बटणापासून मोजा, टास्कला कळल्यापासून नव्हे. इनपुट दर 4 मिलिसेकंदांनी वाचलं जातं, डेटा-बसला 1 लागतो, 1 किलोहर्ट्‌झच्या लूपची वाट बघण्यात आणखी 1, गणनेला 0.3, ड्राइव्हला 2. सर्वांत वाईट बेरीज 8.3. दोन्ही ठिकाणची वाट सरासरीने धरली तर 5.8 येते, आणि तो आकडा इथे कुचकामी आहे. उप्पाल या मॉडेल तपासणाऱ्या टूलमध्ये क्लॉकची तुलना पूर्णांकांशी होते, म्हणून 100 मायक्रोसेकंद हे एकक घ्या, 8.3 चे 83 होतात.

आता खरा सापळा. ‘गणना’ लोकेशनवर x <= 3 असा इन्व्हेरियंट आहे आणि बाहेरच्या एजवर चुकून x >= 4 असा गार्ड (एज घेण्याची अट) पडला. x तीनवर पोचला की वेळ पुढे सरकत नाही आणि एजही घेता येत नाही. मॉडेलमधला काळच गोठतो. डेडलाइन उलटण्याचा क्षण तिथे कधी येतच नाही, म्हणून ‘डेडलाइन चुकत नाही’ याला टूल बिनदिक्कत होकार देतं! बटण दाबलंच जात नाही अशा मॉडेललाही तोच होकार मिळतो.

म्हणून आधी प्रत्येक महत्त्वाच्या लोकेशनपर्यंत पोचता येतं का ते तपासा, मग डेडलॉक, म्हणजे कितीही थांबलं तरी कुठलीच एज घेता येत नाही अशी अवस्था. पण शून्य वेळात अनंत उड्या मारणारं झेनो वर्तन डेडलॉकच्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी वेगळा निरीक्षक ऑटोमेटन जोडा: क्लॉक z, इन्व्हेरियंट z <= 1, आणि z == 1 झाल्यावर रीसेट. z शून्य असताना पुढे तो एक होतोच, हे सिद्ध झालं पाहिजे.

शेवटी गुणधर्मातली मर्यादा आधी 83 ठेवून तपासा, मग 82 करा. गुणधर्म मोडलाच पाहिजे. मोडला नाही, तर सर्वांत वाईट प्रसंग मॉडेलमध्ये उतरलेलाच नाही. गुणधर्म मोडणारा ट्रेस (तिथवरच्या पायऱ्यांचा माग) न दाखवता नुसता होकार दाखवणाऱ्या मार्गदर्शकाकडून फारसं शिकायला मिळत नाही, हे माझं ठाम मत. दुसऱ्याचं मॉडेल उचलणं त्याहून वाईट. त्यातली गृहीतकं तुम्हाला दिसत नाहीत.

सुरुवातीला बहुतेक ट्रेस मॉडेलच्याच चुका दाखवतात. घाबरू नका, ते काम नीट चाललंय. मात्र सामायिक म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारं कुलूप) मॉडेलबाहेर ठेवू नका: 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक प्रायॉरिटी इन्व्हर्जनमुळेच (कमी महत्त्वाच्या टास्कने कुलूप धरल्याने जास्त महत्त्वाचा टास्क अडकणं) वारंवार रीसेट होत होता.