बॅकएंड लिहिताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात आता काट्यावरच्या उसाच्या वजनापासून फौंड्रीच्या डिस्पॅचपर्यंत सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालतं. त्या सर्व्हरवरचा, पडद्यामागचा कोड म्हणजे बॅकएंड. सिस्टिम अडली की दुरुस्तीला आम्हाला बोलावणं येतं, आणि कोड उघडला की त्याच त्या चुका निघतात. नवीन पोरं हुशार आहेत, फ्रेमवर्क पटापट शिकतात, पण ‘चाललं की झालं’ ही घाई काही सुटत नाही. राजारामपुरीतल्या ऑफिसच्या वायफायवर चालणं वेगळं आणि पहाटे गावाकडच्या अर्ध्या रेंजवर चालणं वेगळं.

उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरून चालणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण हिच्यात लोकांचे पैसे अडकतात. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत घडलेली गोष्ट आहे. सकाळी रांग लागते, काट्यावर वजन होतं, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, ऑपरेटर मोबाइलवर ‘सेव्ह’ दाबतो. बिल दर दहा दिवसांनी. एका बिलाला सभासद मावशी स्वतःच चिठ्ठी घेऊन आल्या. “व्हय वो सेक्रेटरी, माझी म्हस एकच हाय, मग एवढं दूध कुठनं आलं?” तपासलं तर बऱ्याच सभासदांच्या नोंदी दोन-दोनदा पडलेल्या.

झालं होतं असं. ॲपचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, दहा सेकंदांची. रिक्वेस्ट (ॲपनं पाठवलेली मागणी) सर्व्हरपर्यंत पोचली, नोंद डेटाबेसमध्ये लिहिली गेली, पण परत येणारं उत्तर वाटेत हरवलं. ॲपनं ‘फेल’ समजून तीच नोंद पुन्हा पाठवली. ॲपनं वाट बघणं सोडलं म्हणून सर्व्हर केलेलं काम मागे घेत नाही, एवढी साधी गोष्ट कुणी विचारातच घेतली नव्हती.

त्यावर जी मलमपट्टी झाली ती मुळातल्या चुकीपेक्षा वाईट. आधी कुणीतरी नियम टाकला की एका सभासदाची एका वेळेला एकच नोंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्यांची दुसरी किटली सिस्टिम घेईना, रांगेत आरडाओरडा. मग ‘आधी शोधा, नसेल तर लिहा’ असा कोड आला. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोघींनाही टेबल (डेटाबेसमधला नोंदींचा तक्ता) मोकळं दिसतं आणि दोघीही लिहितात. शेवटी कुठंतरी वाचून युनिक आयडी टाकला, पण तो रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये. म्हणजे प्रत्येक रिट्रायला, पुन्हा पाठवताना, नवा आयडी. असा आयडी असून नसल्यासारखाच.

टिकलं ते असं: ‘सेव्ह’ दाबल्या क्षणी आयडी तयार करायचा आणि नोंदीबरोबर मोबाइलमध्येच साठवायचा. मग ती नोंद कितीही वेळा पाठवा, आयडी तोच. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेण्याचं बंधन), आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’, म्हणजे आयडी आधीच असेल तर काही लिहू नको. ही सोय ९.५ व्हर्जनपासून आहे. दुबार नोंद आली तर आधीचंच यशाचं उत्तर परत द्यायचं. इथं पुष्कळ जण एरर पाठवतात आणि ॲप बिचारं तीच नोंद पाठवत बसतं. निर्णय डेटाबेसच्या कन्स्ट्रेंटवर सोडा, आपल्या कोडमधल्या इफ-एल्सवर (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’) नको.

त्याच ॲपमध्ये रिट्राय दर सेकंदाला होता. सकाळी सगळ्या संस्थांची गर्दी एकाच वेळी, त्यात सर्व्हर जरा मंदावला की सगळे मोबाइल दर सेकंदाला त्याच्यावर तुटून पडणार. आधी एक सेकंद, मग दोन, चार, आठ असं थांबा, प्रत्येक थांब्यात थोडा रँडम वेळ मिसळा, आणि कुठंतरी हद्द घाला. ४०० (‘रिक्वेस्टच चुकीची आहे’ असं सांगणारा सर्व्हरचा कोड) आली तर रिट्राय करूच नका, चुकीची रिक्वेस्ट दहाव्यांदाही चुकीचीच असते.

आणि टाइमआउट स्वतः लिहा. पायथॉन भाषेच्या ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीला किंवा गो भाषेच्या डिफॉल्ट एचटीटीपी क्लायंटला (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणाऱ्या तयार कोडला) तुम्ही सांगितला नाही तर टाइमआउट नसतोच.

बॅकअप ‘आहे’ असं नुसतं म्हणणं

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. शाहूपुरीतल्या एका ऑफिसात सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क शेजारच्या कपाटात. दोन्ही पाण्याखाली. तरी मालक निर्धास्त होते, कारण रोज रात्री एक प्रत क्लाउडवर जात होती. फायली खरंच होत्या, रोजच्या तारखेच्या. प्रत्येक फाइल २० बाइटची.

डेटाबेसचा पासवर्ड कधीतरी बदलला होता. तेव्हापासून ‘पीजी डंप’ (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारं टूल) रोज फेल, पण त्याचं आउटपुट पाइपनं, म्हणजे थेट पुढच्या कमांडला जोडून, जीझिप या फाइल आकसणाऱ्या टूलकडे जात होतं. जीझिपनं रिकाम्या इनपुटची इमानदारीत झिप केली, ती बरोबर २० बाइटची होते. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (काम झालं की फसलं ते सांगणारा आकडा) धरला जातो, म्हणून क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी सगळं आलबेल. स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ (मधली कमांड फेल झाली तरी सगळं फेल धरा) एवढी एक ओळ नव्हती. पुढे त्या लोकांनी छापील बिलांवरून हिशेब हातानं परत भरला.

हे फक्त छोट्या ऑफिसात होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमर जिथं कोड ठेवतात त्या वेबसाइटच्या कंपनीत) चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा डिलीट झाला. ‘पीजी डंप’चे बॅकअप बघितले तर नव्हतेच: सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि चाललेलं टूल जुनं, ९.२ चं, म्हणून ते फेल होत होतं. फेल झाल्याच्या ईमेल निघत होत्या, पण त्या डीमार्कमुळे (खोट्या ईमेल अडवणाऱ्या तपासणीमुळे) नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी सगळं उघडपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

माझी सवय: महिन्यातून एकदा कोऱ्या मशिनवर रिस्टोअर, मग आदल्या दिवशीच्या बिलांची बेरीज जुळवून बघणं. फाइल किती केबीची आहे ते रोज तपासणं. आणि एक प्रत पुराच्या रेषेबाहेर, दुसऱ्या शहरात.

बाकीच्या, थोडक्यात

तारीख यूटीसीवरून (जागतिक प्रमाणवेळेवरून) काढू नका. आपले पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत यूटीसीत कालचीच तारीख असते. ११ तारखेला पहाटे पाचला घातलेलं दूध त्यामुळे १ ते १० च्या बिलात जातं. वेळ यूटीसीत ठेवा, व्यवहाराची तारीख वेगळ्या कॉलमात.

रक्कम फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक ठेवा, नाहीतर न्यूमरिक (अचूक दशांश).

चालू टेबलवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकताना पोस्टग्रेसमध्ये ‘कॉनकरंटली’ लिहा, नाहीतर तो होईपर्यंत त्या टेबलावरचं सगळं लिखाण अडतं.

पोस्टग्रेसची डिफॉल्ट कनेक्शन मर्यादा १०० आहे. ॲपच्या चार प्रती आणि प्रत्येकीचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) ५० चा, हा हिशेब आधी करा.

लॉग (सर्व्हर लिहीत जाणारी कामाची नोंदवही) रोटेट करा, म्हणजे जुने वेळोवेळी काढून टाका. डिस्क भरली की डेटाबेसही थांबतो.

दोनशे युजरच्या सिस्टिमला मायक्रोसर्व्हिसेस (एका ॲपचे अनेक छोटे तुकडे) आणि कुबरनेटिस (ते तुकडे अनेक मशिनवर सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावणाऱ्यांना माझं एकच सांगणं: आधी एक सर्व्हर, एक डेटाबेस नीट सांभाळून दाखवा. ज्यांना एका सर्व्हरचे लॉग वाचायचा कंटाळा, ते बारा सर्व्हिसचे कधी वाचणार?

लाइव्ह करण्याआधी मी भर लोडमध्ये ॲपची प्रोसेस ‘किल -९’ करतो, म्हणजे जबरदस्तीनं बंद पाडतो, मोबाइलचं नेट मध्येच तोडतो, डेटाबेस रीस्टार्ट करतो, आणि मग पाठवलेल्या नोंदी आणि डेटाबेसमधल्या नोंदी मोजतो. आकडे जुळले नाहीत तर लाइव्हची तारीख पुढं जाते, गिऱ्हाइकानं कितीही तगादा लावला तरी.