शिडाच्या बोटीने रत्नागिरीहून वेंगुर्ला रॉक्स: बेत परतीपासून आखा

मालवणच्या दक्षिणेला साधारण दहा सागरी मैलांवर, भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचा खडकांचा पुंजका आहे. त्यावर दीपगृह आहे आणि त्याच पुंजक्यातल्या बर्न्ट आयलंड या बेटाच्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत. जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे बोट मजेत पळते. येताना तोच वारा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर येतो. म्हणून या सफरीची आखणी पुण्यात टेबलावर बसून करायची ती शेवटच्या दिवसापासून मागे मागे.

आधी मोसम. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं येतात. 2009 सालचं फयान 11 नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर येऊन थडकलं होतं. त्या दिवसांत आकाश निळं दिसलं तरी हवामान खात्याचा इशारा वाचल्याशिवाय नांगर उचलू नये.

मग तिथी पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. हा हिशोब मुंबईकडचा. मालवणकडे भरती त्याआधी होते, म्हणून अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. आमची शिफारस वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे पहाटे निघताना जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) दिसतात. पहाटे खाडीच्या तोंडाशी भरपूर पाणी असतं, आणि दुपारी मुक्कामाला शिरताना भरती चढत असते. चढत्या पाण्यात बोट वाळूवर टेकली तर थोड्या वेळात आपसूक सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच.

आता अंतरं. देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा घ्या. अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. रत्नागिरी साधारण 17 अंशावर आणि रॉक्स 15 अंश 53 कलांवर. किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्याने वजाबाकीतच अंतर निघतं: सदुसष्ट मैल, खडक-भूशिरं टाळण्याचा वळसा धरून सत्तरच्या आसपास. टप्पे असे: रत्नागिरी ते विजयदुर्ग सुमारे 27 मैल, विजयदुर्ग ते मालवण 31, मालवण ते रॉक्स 10. पंचवीस फुटी बोटीचा वेग चार नॉटच, म्हणजे ताशी चार सागरी मैलच धरा. मधे देवगड आहेच. त्याचं बंदर चांगलं आडोशाचं, वारा बिघडला तर तिथे शिरायचं.

परतीचा हिशोब वेगळा. मालवणहून रत्नागिरीकडे दिशा उत्तरेच्या किंचित पश्चिमेला, आणि दुपारचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वायव्येचा. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडाशी पंचेचाळीस अंशांपेक्षा फारशी जवळ जात नाही. टॅक मारत, म्हणजे वाऱ्याला कधी ही बाजू कधी ती बाजू देत नागमोडी गेलं की अंतर दीडपट होतं आणि लाटांवर आपटून वेग तीन नॉटवर येतो. जाताना सात तासांत कापलेल्या 27 मैलांना येताना तेरा तास लागतील. एवढा उजेडच नसतो. तोडगा एकच, मतलई वारा. पहाटे जमिनीवरून पूर्वेचा वारा सुटतो आणि नऊ-दहापर्यंत टिकतो. तो आडवा लागतो, बोट सरळ उत्तरेला जाते. पाचला निघा, वारा पडला की इंजिन लावा, आणि एक-दोन वाजेपर्यंत नांगर टाका. इंजिनाचा तासाचा खप आधी स्वतः मोजून ठेवा. परतीचे निम्मे तास इंजिनावर जातील असं धरा आणि त्यावर एक तृतीयांश इंधन जास्त घ्या.

दिवस मोजा: जायला तीन, यायला तीन, आणि वाऱ्यासाठी राखीव दोन. पुणे-रत्नागिरीचा गाडीचा प्रवास वेगळा. शनिवार-रविवारला जोडून चार दिवसांच्या रजेत हे बसवू नका. सोमवारी ऑफिस गाठायच्या घाईपोटीच माणसं नको त्या वाऱ्यात शीड चढवतात.

नांगराचा दोर कमी पडणं ही नेहमीची चूक. नकाशावरची खोली ओहोटीची असते. समजा ती चार मीटर. त्यात भरतीचे दोन आणि नाळेची उंची एक मीटर मिळवा, झाले सात. पुढे थोडी साखळी व मागे दोर असेल तर याच्या सातपट, म्हणजे 49 मीटर दोर सोडावा लागतो. तीस मीटरवर भागवलं तर दोर वर खेचला जातो, नांगराचं टोक उचकटतं आणि रात्री बोट घसरते. मालवणला प्रवाळावर नांगर टाकू नका. तिथे 1987पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्गाभोवती खडक दाट आहेत, पहिल्यांदा जाताना स्थानिक तांडेल (अनुभवी नावाडी) सोबत घ्या.

रॉक्सवर उतरायचं नाही. लाटा खडकावर आपटतात, छोटी होडी उलटते, आणि पाकोळ्या घरटी सोडून उडतात. पूर्वेच्या अंगाने, खडकांपासून अंतर राखून एक फेरी मारा आणि अकराच्या आत मालवणकडे वळा. वारा नेमका वायव्येचा असेल तर मालवण एका टॅकमध्ये जेमतेम गाठता येतं. तो उत्तरेकडे सरकला तर टॅक मारत जावं लागतं. बारा नॉटच्या वर वारा गेला की मोठं शीड आखडा, म्हणजे थोडं गुंडाळून लहान करा, पंधराची वाट पाहू नका. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून रोज घ्या. लाट दीड मीटरवर सांगितली असेल तर मालवणातच थांबा.

सामानात माणशी दिवसाला चार लिटर पाणी, प्रत्येकाला अंगात घातलेलं लाइफ जॅकेट आणि व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बिनतारी संच), संकटात हाक मारायच्या चॅनल 16वर. प्रत्येक बंदरात बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना वर्दी द्या. पुण्यात घरी एक कागद ठेवा: बोटीचा रंग, शिडावरचा क्रमांक, माणसांची नावं, रोजचा मुक्काम, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर तटरक्षक दलाला 1554वर कळवा, एवढं ठळक अक्षरात.