कोंबडीच्या पिल्लांच्या ब्रूडरमध्ये (लहान पिल्लांना ऊब देऊन ठेवतात त्या जागेत) खाली काय अंथरावं?

नुसता वर्तमानपत्राचा कागद अंथरला की पिल्लांचे पाय घसरतात, फाकतात आणि फाकलेला पाय सहसा आपोआप सरळ होत नाही. उघड्या तुसावर सोडली तर पहिले दोन-तीन दिवस ती खाद्य सोडून तूसच टिपत बसतात. म्हणून दोन्ही वापरायचं.

१. भाताचं तूस उन्हात खडखडीत वाळवून २ ते ३ इंच जाड पसरा. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे राईस मिलवर सहज मिळतं.

२. त्यावर कागद, पण चुरगळून पुन्हा उलगडलेला. सुरकुत्यांमुळे पायाला पकड मिळते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा असेल तर त्याहून बरा. कागद रोज बदला.

३. चौथ्या दिवशी कागद काढा. तोवर खाद्य कुठलं ते पिल्लांना कळलेलं असतं.

४. पुढे रोज तूस हलवा. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, बदला. बहुतेकदा ओल पाण्याच्या भांड्याभोवतीच असते, तेवढंच काढलं तरी पुरतं.

सुताराकडचा पिठासारखा बारीक भुसा फुकट मिळाला तरी नको, धूळ छातीत जाते. आणि बुरशीचा वास येणारं तूस वाळवूनही वापरू नका.