मंडपाचं कापड चातुर्मासात सांभाळताना: गोदामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मंडप डेकोरेशनच्या धंद्यात नवीन पोरगं आलं की त्याला पाइप उचलायला आणि गाडी भरायला लावतात. कनाती, पडदे, छताचं कापड घडी घालून ठेवणं हे हलकं काम समजलं जातं. मी परभणीत हेच काम करत करत आता गोदाम सांभाळतो, आणि माझं मत याच्या अगदी उलट आहे. पाइप वाकला तर सरळ करता येतो, अगदीच गेला तर भंगारात त्याचे पैसे येतात. कुजलेल्या कापडाचं काहीच येत नाही. या धंद्यात टिकायचं असेल तर पहिला पावसाळा गोदामात काढा.

आषाढी एकादशीला लग्नसराई थांबते ती तुळशीच्या लग्नापर्यंत. एरवी हे चार महिने, पण अधिक महिना मध्ये आला की पाच. 2023 साली अधिक श्रावण होता, तेव्हा आषाढी 29 जूनला आणि कार्तिकी थेट 23 नोव्हेंबरला आली. एवढा काळ कापड बंद राहणार, म्हणून पंचांग आधी बघून ठेवा. मधल्या काळात श्रावणातले सप्ताह, गणपती आणि नवरात्र असतंच. त्यांना लागणारा माल दाराजवळ ठेवायचा, बाकीचा आत.

सगळ्यात जास्त कस लागतो तो दिंडीच्या तंबूंना. आमच्या भागातून शेगावची पालखी जाते, पैठणहून नाथांची पालखी निघते, शिवाय गावोगावच्या दिंड्या असतात. त्यांना दिलेले तंबू पंढरपूरहून परत येतात ते भिजलेले, चिखलाने माखलेले आणि घाईघाईत गुंडाळलेले. गाडी रात्री आली तरी गठ्ठे त्याच रात्री सोडा. पाऊस असेल तर गोदामात दोऱ्या बांधून पसरा, दारं-खिडक्या उघडी ठेवा. सुती कापड ओलं बांधून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो आणि काळे ठिपके दिसू लागतात. ही बुरशी सुती धागाच खाते, त्यामुळे डाग निघाला तरी ताकद परत येत नाही. पॉलिस्टरचा धागा ती खात नाही, पण वर बसलेल्या मळावर आणि तेलावर वाढते. म्हणून पॉलिस्टरला काही होत नाही, हे बोलणं ऐकू नका.

काळ्या मातीचा चिखल ओला असताना घासायचा नाही. घासला की माती विणीत शिरते आणि मग धुऊनही निघत नाही. पूर्ण वाळू द्या, कापड दोरीवर टाका आणि काठीने झोडपा. बहुतेक माती पापुद्र्यांनी गळून पडते, राहिलेली साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जाते. जेवणाच्या मंडपातल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि नवीन माणूस घाबरतो. स्वच्छ धुवा आणि उन्हात टाका, हळद उन्हानेच उडते. ब्लिचिंग पावडर मात्र सुती कापडाला लावू नका, धागा कमजोर होतो.

मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, पाऊस उघडीप देतो. शेतकरी या उघडिपीने हवालदिल होतो, आपल्याला मात्र तिचाच आधार. ऊन पडलं की कापड बाहेर काढा, पण वाळल्यावर तिथेच टाकून ठेवू नका, जास्त ऊन नायलॉन आणि रंग दोन्ही खातं. वाळलं की नाही हे मधल्या भागावरून ठरवायचं नाही. शिवणी आणि दोरी घातलेला नेफा शेवटी वाळतात. नेफा चिमटीत दाबा, गालाला लावा. उन्हातून नुकतंच काढलेलं कापड गरम असतं, त्यात ओल कळत नाही. सावलीत गार होऊ द्या, मग हात लावून बघा.

घडी दोघांनी घालायची. चारही कोपरे ताणा, मग हातभर पट्टीची एकदा इकडे, एकदा तिकडे अशी घडी घाला. दर वर्षी त्याच रेषेवर घडी पडू देऊ नका, पट्टी थोडी लहान-मोठी करा. लेप दिलेली ताडपत्री घडीवर तडकते आणि नेमकी तिथेच गळते, तिला जुन्या पाइपवर गुंडाळणंच चांगलं. दोऱ्या सोडून वेगळ्या वाळवा. लोखंडी रिंगा गंजल्या असतील तर आताच बदला, गंजाचा डाग जिथे पडतो तिथे सुती कापड पुढे फाटतं.

थप्पी जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. खालून वाळवी येते, भिंतीतून ओल. पत्र्याचं गोदाम असेल तर रात्री पत्रा गार पडतो, आतल्या दमट हवेचं पाणी त्याला धरतं आणि थेंब थप्पीवर पडतात, म्हणून वर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, थोडीशी ओल राहिली असेल तर ती आतच कोंडते. उंदीर खरकट्याच्या वासाने येतात, त्यामुळे जेवणाच्या मंडपाचं कापड न धुता आत घ्यायचंच नाही. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा, कापडावर सुट्या टाकू नका.

प्रत्येक गठ्ठ्याला माप, रंग आणि नग लिहिलेली चिठ्ठी बांधा, वहीतही तीच नोंद करा. ज्याला ही वही पाठ असते, त्याला मालक ऑर्डर ठरवताना शेजारी बसवून घेतो.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला थप्पी उलटी-पालटी करा, खालचा गठ्ठा वर आणा आणि हात आत घालून नाकाशी न्या. दसरा झाला की ऑक्टोबरच्या उन्हात सगळा माल एकदा उघडा. उसवलेली शिवण दिसेल तिथे रंगीत दोरा बांधा आणि ते कापड लगेच शिंप्याकडे पाठवा, कारण तुळशीचं लग्न लागलं की शिंप्याकडे आणि तुमच्याकडे दोघांकडेही वेळ नसतो.