ट्यूबच्या कफमधील दाब: या चुका टाळा

पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबच्या कफमध्ये, म्हणजे तिच्या टोकाजवळच्या फुग्यात, किती हवा भरावी, या प्रश्नाला ‘१० मिली’ हे उत्तर नाशिकच्या लहानमोठ्या ऑपरेशन थिएटरांत आजही ऐकू येते. सिरिंज दहाची, म्हणून हवाही दहा. याहून अधिक विचार त्यामागे नसतो. कफमधील दाब २० ते ३० सेंटीमीटर पाणी एवढा असावा. त्याहून कमी झाला तर कफच्या कडेने स्राव फुप्फुसाकडे झिरपतो आणि अधिक झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा आवळला जातो.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे पायलट बलून (कफला बारीक नळीने जोडलेला, तोंडाबाहेर राहणारा छोटा फुगा) चिमटीत दाबून ‘बरोबर आहे’ म्हणणे. एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया चालू असताना मी सहकाऱ्याला मोकळे करायला गेलो. रुग्ण लासलगावला कांद्याचे लिलाव पुकारणारे, आवाजावरच पोट असलेले गृहस्थ. ‘सर, बोटाला कळतं,’ असे त्या तरुण भूलतज्ज्ञांनी मला सांगितले. बलून तयार द्राक्षासारखा टणक लागत होता. दाब मोजणारा मॅनोमीटर जोडला तेव्हा काटा ७० च्या पुढे गेला. सुरुवातीला दाब ठीक असेलही, पण भुलीचा वायू नायट्रस ऑक्साइड तासभर चालू होता आणि तो कफच्या पडद्यातून आत शिरत राहतो. शिवाय पोटात वायू भरल्याने छाती-पोटामधले श्वासपटल वर सरकते, श्वसनमार्गातील दाब वाढतो आणि त्याबरोबर कफमधीलही वाढतो. हवा काढून काटा २५ वर आणला, तरी त्या गृहस्थांचा आवाज पुढे कित्येक दिवस बसलेला होता आणि लिलावाला भावाला उभे करावे लागले. दोष एकट्या कफचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही, तेव्हा घाईची सबब मला पटत नाही.

मी मॅनोमीटर कपाटात न ठेवता भूलयंत्रालाच अडकवतो. ट्यूब घातल्यावर, पोटात वायू भरल्यावर, टेबल तिरके केल्यावर आणि नायट्रस चालू असेल तर दर अर्ध्या तासाने दाब पाहतो. नायट्रस बंद केल्यावर तो कफमधून बाहेर पडू लागतो, म्हणून तेव्हाही पाहतो.

गळती ऐकू आली की आणखी हवा ढकलणे हा आवडता आडमार्ग आहे. अनेकदा कफ स्वरतंतूंपर्यंत वर आलेला असतो आणि जादा हवेने तो आणखीच बाहेर सरकतो. आधी दातांपाशी ट्यूबवरील सेंटीमीटरची खूण पाहावी आणि शंका असल्यास घसा पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपने आत पाहावे.

हवा भरल्यावर सिरिंज पायलट बलूनच्या झडपेला लटकती ठेवू नये.

मॅनोमीटर जोडताना थोडी हवा त्याच्या नळीत जातेच, म्हणून आकडा कमी दिसल्यास तिथल्या तिथे भरून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ट्यूबसह मुंबईला हलवायचे असेल, तर कसारा घाट उतरल्यावर बाहेरचा हवेचा दाब वाढून कफ सैल पडू शकतो. मॅनोमीटर रुग्णवाहिकेत द्यावा आणि पायथ्याशी पुन्हा मोजायला सांगावे.