माध्यमिक शाळेचा समावेशक विज्ञान अभ्यासक्रम : आखताना या चुका टाळा

पाठ्यपुस्तक बालभारतीचे आणि परीक्षा मंडळाची, तेव्हा खेड्यातल्या शाळेने विज्ञानाचा अभ्यासक्रम आखायचा म्हणजे नेमके काय करायचे, असा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत हमखास येतो. घटकांचा क्रम, त्यांना दिलेल्या तासिका, प्रयोगांची निवड, गृहपाठ, घटक चाचण्या आणि अंतर्गत मूल्यमापन हे सगळे शाळेच्या वार्षिक नियोजनातच ठरते, आणि कोणते मूल विज्ञानात टिकेल व कोणते मागच्या बाकावर नुसते बसून राहील, हेही बऱ्याच अंशी तिथेच ठरून जाते. विदर्भातल्या ग्रामीण शाळांच्या नियोजनात ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्यांचा विचार येथे केला आहे.

आधी ‘सर्वसाधारण’ मुलासाठी आखणी, मग बाकीच्यांना सवलत

दिव्यांग म्हटले की अंधत्व, कर्णबधिरत्व आणि अस्थिव्यंग एवढेच चटकन आठवते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मात्र 21 प्रकार दिलेले आहेत, आणि त्यांत अल्पदृष्टी, विशिष्ट अध्ययन अक्षमता, तसेच सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे विकारही येतात. म्हणजे ‘आमच्या वर्गात तसे कोणी नाही’ हे विधान पटसंख्या पाहूनच तपासून घ्यावे लागते.

आखणी एका ठराविक मुलाला समोर ठेवून पूर्ण केली की उरलेल्यांसाठी एकच मार्ग शिल्लक राहतो, तो म्हणजे काहीतरी वगळणे. प्रयोग वगळला, आकृती वगळली, शेवटी विज्ञानाला पर्यायी विषय घेण्याची सवलत पुढे केली, आणि नववीतच त्या मुलाची अकरावी विज्ञानाची वाट बंद झाली. सवलत घेणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण शाळेने ती सोयीसाठी सुचवावी, हे माझ्या मते या यादीतले सर्वांत मोठे चुकणे आहे.

यावर उपाय असा की प्रत्येक प्रयोगासमोर त्याचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे आणि ते गाठण्याच्या निदान दोन वाटा आधीच ठरवाव्यात. आम्ल आणि आम्लारी ओळखणे हे उद्दिष्ट असेल, तर रंग पाहणे ही त्याची एक वाट झाली. कांदा बारीक चिरून त्यात सुती कापडाच्या पट्ट्या झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब शिक्षकांनी टाकावेत, पट्ट्या पाण्याने धुवाव्यात आणि मुलांना वास घ्यायला सांगावे. आम्लाच्या पट्टीचा कांद्याचा वास टिकतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. हा प्रयोग न दिसणाऱ्या एका मुलासाठी कोपऱ्यात न करता सगळ्या वर्गाने करावा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे पुष्कळ जास्त असतात, वैश्विक दर्शकाच्या (आम्ल-आम्लारीनुसार रंग बदलणाऱ्या द्रावणाच्या) रंगपट्टीपुढे गप्प बसतात. त्यांचीही यात सोय होते. वीजजोडणी शिकवताना तारांच्या रंगावर न थांबता तारेला कागदी पट्टी लावून नाव लिहिण्याची सवय याच कारणासाठी लावावी.

कॅलेंडर पुण्या-मुंबईचे, हजेरी कापसाची

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून संपत आला असताना उघडतात. तयार छापील नियोजन मात्र जूनच्या मध्यापासून तासिका मोजत असते, त्यामुळे पहिल्याच महिन्यात मागे पडल्याची भावना येते आणि पुढे घाई होते. खरी अडचण त्यानंतरची आहे. दिवाळीच्या आसपास कापसाचा पहिला वेचा, म्हणजे वेचणीची पहिली फेरी, सुरू झाला की यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या पट्ट्यातली मुले शेतात जातात, किंवा आई वेचणीला गेल्यामुळे मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळत घरी राहते. त्याच सुमारास मेळघाटातली कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात, पूर्वेकडे भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीत धानाची कापणी असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचे दिवस येतात आणि नववीची वार्षिक परीक्षा नेमकी त्यात सापडते.

नोव्हेंबरनंतर एखादे मूल विज्ञानात अचानक कच्चे झाले असे वाटले, तर त्याची वही पाहण्यापूर्वी हजेरीपट पाहावा. संयुजा, रेणुसूत्र, समीकरणाचे संतुलन आणि त्यापुढची रासायनिक अभिक्रिया हे घटक एकमेकांत अडकलेले आहेत. त्यातला एक सुटला की पुढचे सगळे निसटतात. अवकाश मोहिमा, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन किंवा पर्यावरणीय व्यवस्थापन यांचे तसे नाही, ते कधीही आणि बरेचसे स्वतंत्रपणे शिकता येतात. म्हणून पाठ्यपुस्तकातला क्रम जसाच्या तसा न घेता साखळीतले घटक जुलै ते सप्टेंबरमध्ये आणि सुटे घटक वेचणीच्या दिवसांत टाकावेत. शिवाय साखळीतल्या प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला, मागच्या घटकातले जेवढे लागणार आहे तेवढेच घेणारी एक तासिका ठेवावी, म्हणजे तीन आठवड्यांनी परतलेल्या मुलाला कुठून तरी आत शिरता येईल.

‘राहिलेले जादा तासात घेऊ’ हे ठरवण्याआधी मुली कशाने येतात ते विचारावे. मानव विकास कार्यक्रमाची, शाळेत जाणाऱ्या मुलींसाठीची निळी बस सुटली तर मुलीला पुढची गाडी मिळेलच असे नसते, आणि शाळा सुटल्यानंतरच्या जादा तासाला मग गावातली मुलेच उरतात. जादा तास घ्यायचाच, तर तो शाळेच्या वेळेत बसवावा लागेल.

सिकलसेल : बोट दाखवून शिकवणे, किंवा शिकवायचेच टाळणे

आनुवंशिकतेच्या पाठासाठी विदर्भातल्या वर्गाइतका जवळचा विषय दुसरा नाही, आणि चुकण्याची इतकी शक्यताही दुसरीकडे नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आणि त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरलेली आहे, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांना आपला ‘एएस पॅटर्न’ (एकच सिकल जनुक असलेला वाहक) की ‘एसएस पॅटर्न’ (दोन्ही सिकल जनुके असलेला रुग्ण) हे ठाऊक असू शकते. अशा वर्गात ‘कोणाकोणाच्या घरी आहे, हात वर करा’ असे विचारणे, किंवा घरची वंशावळ काढून रुग्णांवर खूण करण्याचा गृहपाठ देणे म्हणजे मुलाचा आजार आणि मुलीचे लग्न दोन्ही गावाच्या चर्चेत आणणे होय. वंशावळ काल्पनिक कुटुंबाची घ्यावी.

संकल्पना स्पष्ट करण्यासाठी दोन नाणी पुरतात. एक आईचे, एक वडिलांचे. प्रत्येकाच्या एका बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि ती बाजू सिकल जनुकाची समजायची, म्हणजे बोटांनीही बाजू कळते. दोघेही वाहक आहेत असे धरून जोडीने 40 वेळा नाणी उडवावीत आणि दोन्ही पट्ट्या वर किती वेळा आल्या ते नोंदवावे. (चिंचोक्यांच्या फोडी वापरण्याचा मोह होतो, पण त्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात पडतात असा भरवसा नसतो.) अपेक्षा 10 ची असते, एखाद्या जोडीला 6 येतात, एखादीला 14, आणि सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या की प्रमाण चौथ्या हिश्श्याजवळ सरकते. ‘चार मुलांत एक आजारी निघतो, तो निघाला, आता धोका नाही’ हा घराघरांतला समज इथेच दुरुस्त होतो, कारण प्रत्येक गर्भधारणेला ती शक्यता नव्याने 25 टक्केच असते.

वाहकांना गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, हेही त्याच तासाला सांगावे. हा विकार अमुक एका जातीचा शाप नाही, हे उपदेशापेक्षा या कारणाने चांगले पटते, आणि विदर्भात तो आदिवासींबरोबर इतर समाजांतही आढळतो.

आजारी मुलाची सोय प्रयोगशाळेच्या नियमांतही लागते. पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम यांनी सिकलसेलच्या वेदना उसळू शकतात. प्रयोगशाळेत काही पिऊ नये हा नियम योग्यच आहे, पण टिनाच्या छपराखाली मार्चच्या दुपारी परवानगी न मागता बाहेर जाऊन पाणी पिण्याची मुभा त्याच फलकावर लिहिलेली असावी.

परिसराचे उदाहरण म्हणजे हलके विज्ञान, असा समज

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या पद्धतीची, मांडणी पुढे आली, आणि तेव्हापासून एक शंका तिची पाठ सोडत नाही : हाताचे काम शिकवले की गावच्या मुलांना कमी दर्जाचे शिक्षण मिळते का? उदाहरणापाशीच थांबलो, तर मिळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारट असलेल्या भागात, विहिरीचे पाणी, साठवलेले पावसाचे पाणी आणि नळाचे पाणी सारख्या बाटल्यांत सारखेच घेऊन, साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजत, फेस मिनिटभर टिकेपर्यंत हलवावे. हा प्रयोग सहावीतही होतो. नववी-दहावीत प्रश्न पुढे जायला हवा : फेस कोणत्या आयनांनी अडवला, साका कशाचा, आणि नुसत्या थेंबांवरून कोणता क्षार आहे ते का सांगता येत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, तिथे ‘उकळलेले पाणी शुद्ध’ हे वाक्य सुधारूनच शिकवावे; उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटल्याने फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते, आणि मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅमची आहे.

दुसरी एक गोष्ट. खेड्यातल्या प्रत्येक मुलाच्या घरी शेती असते असे धरून ‘तुमच्या शेतातली माती आणा’ म्हणू नये. भूमिहीनाच्या मुलाने माती कुठून आणायची?

भाषा आणि हातातले काम

गोंडी, माडिया, कोलामी किंवा कोरकू बोलणारे मूल सेमी इंग्रजीच्या वर्गात बसते, तेव्हा निरीक्षण त्याने पाहिलेले असते, सांगता येत नसते. गटातली चर्चा आणि पहिली नोंद कोणत्याही भाषेत, बोलीत किंवा आकृतीत चालू द्यावी. पारिभाषिक संज्ञा त्यानंतर द्यावी. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात सुमारे 10,000 संज्ञा आहेत, त्यांतल्या लागणाऱ्या चित्रफिती आधी उतरवून ठेवाव्यात, कारण तासाच्या वेळी वीज किंवा नेटवर्क असेलच असे नाही.

गटात मुलगे उपकरण धरतात आणि मुली सुबक अक्षरात वही लिहितात, हे न ठरवताच घडते. म्हणून कामांची फिरती यादी भिंतीवर लावावी. प्रजननाचा पाठ ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणे तर मुली-मुलगे दोघांवरही अन्याय आहे.

मूल्यमापन शेवटी पाहू, ही घाई

सध्याच्या रचनेत दहावीच्या विज्ञानाचे दोन भाग प्रत्येकी 40 गुणांचे आणि प्रात्यक्षिक 20 गुणांचे असते. या 20 गुणांत तोंडी स्पष्टीकरण, हाताने केलेली जोडणी आणि निरीक्षण यांना जागा आहे, पण एकमेकांच्या जर्नलवरून उतरवलेल्या पानांवर ते वाटून टाकले जातात.

लेखनिक घेणाऱ्या मुलांची अडचण वेगळीच असते. लेखनिक खालच्या इयत्तेतला, त्याने दहावीचे रसायनशास्त्र वाचलेले नसते, आणि ‘सीओ’ असे नुसते सांगितले तर तो कार्बन मोनॉक्साइड लिहील की कोबाल्ट, हे दैवावर अवलंबून राहते. दोन्ही अक्षरे मोठ्या लिपीत की दुसरे लहान, अंक खाली की मागे, बाण कुठे, आकृतीला नावे कोणत्या बाजूने, हे सांगण्याची ठरलेली पद्धत नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून घटवून घ्यावी, आणि त्या चाचण्यांनाही जादा वेळ द्यावा, म्हणजे तो वेळ कसा वापरायचा हे मंडळाच्या परीक्षेतच प्रथम शिकण्याची वेळ मुलावर येणार नाही.