पावसात रिकामा राहणारा कॉस्मोल्यूर सापळा असा सुधारला

गोराईच्या वाडीत केळीच्या कंदावरच्या सोंडकिड्यासाठी कॉस्मोल्यूरचे, म्हणजे या किड्याला वासानं ओढणारं आमिष (ल्यूर) टांगलेल्या बादलीचे सापळे लावले होते. जुलैत ते रिकामे निघू लागले. कीड मुळीच संपली नव्हती. बादली जमिनीशी सपाट पुरलेली, पावसाचं पाणी काठोकाठ भरलं की पडलेले किडे बाहेर निघून जात.

आता बादलीचा काठ जमिनीपेक्षा दोन बोटं वर ठेवला आणि भोवती मातीचा उतार थेट काठापर्यंत चढवून दाबला. हा किडा सहसा उडत नाही, रात्री चालत येतो. पावसानं माती खचून काठ उघडा पडला की वाट तुटते, म्हणून दर जोराच्या सरीनंतर हात फिरवून उतार सारखा करा. वर काठ्यांवर पत्रा, चार बोटं उंच. आत तीन इंच पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर, नाहीतर किडे तरंगत राहतात. ल्यूर तारेनं टांगा, पाण्याला टेकू देऊ नका. जागा सावलीचीच, उन्हात वास लवकर उडून जातो.

सापडलेल्या किड्यांची मोजणी आठवड्याला.

खोडातून चिकट रस गळत असेल तर तो खोडातला सोंडकिडा. त्याच्यासाठी काढणी झालेल्या खोडाचे फूटभर तुकडे उभे चिरून, चिरलेली बाजू जमिनीकडे करून सापळा म्हणून ठेवा.